मोतीराम सावजींचं पुस्तक

वसंत पांढरीपांडे सरांचं ग्रंथपालांविषयी एक ठाम मत होतं. ग्रंथपालाने पुस्तकावर शिक्का मारावा, मुलांना गप्प बसवावं आणि प्राध्यापक आले की पंख्याखालची खुर्ची रिकामी करून द्यावी. याहून जास्त काही त्याचं काम असतं, असं सरांना तेवीस वर्षांच्या नोकरीत कधी वाटलं नव्हतं. त्यामुळे अमरावतीच्या त्यांच्या कॉलेजात प्राचार्यांनी जेव्हा फर्मान काढलं की यंदापासून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे इतिहासाचे प्रकल्प प्राध्यापक आणि ग्रंथपाल या दोघांनी मिळून करून घ्यायचे, दर गुरुवारी एक तास, तोही ग्रंथालयात, तेव्हा सरांच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

"इतिहास मी शिकवणार. मग कौशल्याबाई काय करणार? कपाटाच्या किल्ल्या दाखवणार?" असं ते स्टाफरूममध्ये म्हणाले, आणि नेमक्या ग्रंथपाल कौशल्या गावंडे मॅडम तेव्हा दारात उभ्या होत्या. मॅडम वलगावच्या, कास्तकाराच्या, म्हणजे शेतकऱ्याच्या घरच्या. कानावर आलेलं न ऐकल्यासारखं करायचं असतं हे त्यांना लहानपणी कुणी शिकवलंच नव्हतं.

"किल्ल्या बी दाखवीन ना सर," त्या म्हणाल्या. "तेवीस वर्षांत तुमी कपाटापर्यंत आलेच कवा?"

स्टाफरूम हसली. सर हसले नाहीत. त्यांचं चित्त तसंही ठिकाणावर नव्हतं, कारण त्यांच्या बढतीची फाईल पंधरा तारखेला पुढे जायची होती. सहयोगी प्राध्यापक व्हायला तीन शोधनिबंध लागत, आणि सरांकडे बरोबर तीनच होते, एक कमी नाही की एक जास्त नाही. त्यांच्या मागून लागलेले दोघेजण केव्हाच पुढे निघून गेले होते आणि लग्नसमारंभात भेटले की "काय वसंतराव, काय म्हणते फाईल?" असं मुद्दाम चारचौघांत विचारत. या वर्षी ती गेली नाही तर सरांना लग्नांना जाणंच बंद करावं लागणार होतं. तीन निबंधांतला वऱ्हाडातल्या कापूस बाजारांवरचा निबंध त्यांचा सगळ्यांत लाडका होता. त्यावर त्यांनी दोन उन्हाळे घालवले होते, असं ते सांगत. खरं तर दीड.

पहिल्या गुरुवारी सर तयारीनिशी आले. हल्लीची मुलं मोबाइलला विचारतात, मोबाइल अस्तित्वातच नसलेली पुस्तकं सांगतो आणि मुलं ती बिनदिक्कत उतरवून काढतात, यावर त्यांनी वीस मिनिटं झाडून घेतलं. "जे पुस्तक हातात धरलं नाही, त्याचं नाव लिहिणं ही ज्ञानाशी बेइमानी आहे!" असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली. वाक्य छानच होतं. मुलांनी ते वहीत लिहूनही घेतलं.

मग मॅडम उठल्या. त्यांची पद्धत साधी होती. प्रत्येकाने आपल्या प्रकल्पाची संदर्भसूची हातात घ्यायची आणि तीत लिहिलेलं प्रत्येक पुस्तक शोधून समोरच्या लांब टेबलावर आणून ठेवायचं. कॉलेजात नसेल तर पानांचा फोटो दाखवायचा. तेही नसेल तर हात वर करायचा. बस, एवढंच.

बत्तीस मुलांच्या याद्यांत मिळून दोनशेच्या वर पुस्तकं होती. अर्ध्या तासाने टेबलावर एकतीस जमली. बाकी सगळे हातच हात वर. सरांना मनातून गुदगुल्या झाल्या. आपण म्हटलं ते किती खरं निघालं!

मॅडम याद्या चाळत होत्या. चाळता चाळता थांबल्या. "हे पाहा सर. 'सावजी, मोतीराम. वऱ्हाडच्या बाजारपेठा. धामणगाव रेल्वे, १९६८. पान एकशे बारा.' अकरा पोट्ट्यांनी लिहिलं हाये. अकराच्या अकरा जनांनी एकशे बारावंच पान वाचलं? अन् पुस्तक एकाजवळ नाई."

"मोबाइलनं सांगितलं असेल," सर म्हणाले.

"नाई सर," पहिल्या बाकावरची आचल उठून म्हणाली. आचलला गप्प बसवणं हे काम कॉलेजात अजून कुणाला जमलं नव्हतं. "मोबाइल नाई. तुमच्या पेपरात हाये. लायब्ररीत ठेवला हाये ना तुमचा पेपर, त्याच्यातूनच घेतलं आमी."

हे मात्र सरांच्या ध्यानात नव्हतं. पण आता बत्तीस तोंडं त्यांच्याकडे वळली होती, आणि माणूस अशा वेळी विचार करून बोलत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"मग बरोबर आहे," सर म्हणाले. "दुर्मिळ ग्रंथ आहे तो. मी स्वतः वाचलेला आहे."

"कसा हाये सर? लय मोठा हाये काय?"

"अडीचशे पानं असतील. निळं कव्हर. वरचा कोपरा वाळवीनं खाल्लेला."

एका खोट्याला सोबतीला दुसरं लागतं आणि दोघांना तिसरं. वाळवीची काही गरज नव्हती. पण ती आली, आणि तिच्या पाठोपाठ, "पुढच्या गुरुवारी आणतो, बघा तुम्हीच," हेही आलं.

मॅडम कपाळाला आठी घालून यादीकडेच बघत होत्या. "असन बाप्पा. नाव तं मले बी कुठं तरी वाचल्यासारखं वाटून राह्यलं," त्या म्हणाल्या. त्यामुळे सरांना जरा हायसं वाटलं.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरची खोकी उतरवली. बायकोने विचारलं, दिवाळीला अजून अवकाश आहे, आता काय काढलंत? सर खोकी उपसतच राहिले. निबंधाची टिपणं सापडली. सावजी सापडले. शेजारी सरांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नितेशचा प्रकल्प बघणे.' म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून त्यांनी हे पुस्तक उचललं होतं. पुस्तक हातात धरायचं राहून गेलं होतं. मिळेल तेव्हा पाहू म्हणून ठेवलं, आणि मग निबंध छापून आला.

सर मटकन खोक्यावर बसले. निबंध पुन्हा उघडून पाहिला, तेव्हा कानशिलं तापली. सावजींचा नुसता उल्लेख नव्हता. 'सोमवारचा बाजार मोडल्यामुळे व्यापारी शिरजोर झाले, हे सावजी यांचे मत स्वीकारता येत नाही,' असं म्हणून त्यांनी सावजींना दीड पान खोडून काढलं होतं. फार आवेशाने. तो भाग त्यांनी एका परिषदेत वाचूनही दाखवला होता आणि टाळ्या मिळाल्या होत्या.

त्यांनी नितेशला फोन लावला. नितेश आता भातकुलीला बी-बियाण्यांचं दुकान चालवत होता. सरांचा आवाज ऐकून त्याला मनापासून आनंद झाला.

"सावजीचं पुस्तक? नाई सर, म्या कुठं पाह्यलं. थे तं शिवमदादाच्या प्रोजेक्टातून उतरवलं होतं. थो आमचा सिनियर. आता अकोल्याले अभ्यासिका चालवते."

"आणि ते मत? सोमवारचा बाजार मोडल्याचं? तेही शिवमच्या प्रकल्पात होतं?"

"थे माहं मत होतं सर," नितेश म्हणाला. "आमच्या आबाच्या तोंडून आयकलं, गावातल्या चार मानसाईले इचारलं, मंग वाटलं असंच असन. पन माहं मत म्हनून लिहिलं असतं तं तुमी मार्क देले असते काय? म्हनून सावजीच्या नावावर टाकलं."

"किती दिले होते मी मार्क?"

"वीसपैकी अकरा सर," नितेश हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण सरांना ते अकरा मार्क चांगलेच लागले. ज्याला दीड पान खोडून काढलं तो बाजारपेठांचा जाणकार पंडित नव्हता, भातकुलीचा वीस वर्षांचा पोरगा होता. आणि त्याच्याशी वाद घालायची संधी वर्गात असताना सरांनी कधी घेतली नव्हती.

तरी आशा सुटत नव्हती. शिवमकडे पुस्तक असू शकेल. सरांनी त्याला फोन केला तर तो म्हणाला, "पुस्तक होतं का कागद, थे याद नाई सर, पन प्रोजेक्टाचं सारं सामान जपून ठेवलं हाये. रविवारी या. काढून ठेवतो." ही बातमी सरांनी कॉलेजात कुणाला सांगायची नाही असं ठरवलं होतं. पण शुक्रवारी मॅडमनीच त्यांना जिन्यात गाठलं. त्यांनी एका दिवसात अमरावतीतली तीन ग्रंथालयं विचारून पाहिली होती आणि सावजींचा कुठेच मागमूस नव्हता. सरांना सांगावंच लागलं.

"अकोल्याले ना? मी बी येते," मॅडम म्हणाल्या. "भेटलं तं आपल्या लायब्ररीले घेऊन टाकू. तुमी खाली हात हालवत याल, मले मालूम हाये."

रविवारी सकाळी दोघं एस.टी.त बसले. सरांना धाकधूक होती की मॅडम आता रस्ताभर टोचून बोलणार. मॅडमनी बडनेरा येईपर्यंत तिकीट काढलं, खिडकी उघडली आणि झोपून टाकलं. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा त्या उठल्या, खाली उतरल्या आणि दोघांसाठी गरम आलुबोंडे घेऊन आल्या.

"खरं सांगा सर," कागदावरची हिरवी मिरची बाजूला करत त्यांनी विचारलं, "वाळवी लागली होती काय त्या पुस्तकाले?"

सरांच्या हातातला आलुबोंडा तसाच राहिला. मग त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

"मले वाटलंच. वाळवी कोपऱ्यातून नाई लागत, बांधनीच्या शिवनीतून लागते," मॅडम म्हणाल्या आणि आलुबोंडा खाऊ लागल्या. सरांना एवढी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि गंमत म्हणजे त्याच वेळी त्यांना सडकून भूकही लागली. त्यांनी आलुबोंडा संपवला.

शिवमची अभ्यासिका अकोल्यात बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर होती. स्पर्धा परीक्षांची तीस-चाळीस मुलं मान खाली घालून बसली होती. शिवमने दोघांच्या पाया पडून त्यांना आतल्या खोलीत नेलं, चहा मागवला आणि एक जुनी प्लास्टिकची फाईल पुढे ठेवली. "पुस्तक नव्हतं सर. हा कागद होता. याच्यावरूनच शिकलो आमी यादी लिहाले. लय कामी आला."

कागद झेरॉक्सचा होता. वर कॉलेजच्या ग्रंथालयाचा गोल शिक्का. खाली ठळक अक्षरांत 'संदर्भ असा लिहावा', आणि त्याखाली पाच पुस्तकं. तिसरं पुस्तक सावजी, मोतीराम. धामणगाव रेल्वे. १९६८. पान एकशे बारा.

सरांनी कागद मॅडमकडे सरकवला. मॅडमनी चष्मा लावला आणि वाचलं. मग चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला आणि परत वाचलं.

"हे माहंच अक्षर हाये," त्या म्हणाल्या.

बारा वर्षांपूर्वी त्या नोकरीत नव्या होत्या. यादी कशी लिहायची ते मुलांना कळत नाही म्हणून त्यांनी उत्साहाने हा कागद तयार केला होता. उदाहरणादाखल काहीतरी हवं म्हणून लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, गाव, साल, सगळं बसल्या बसल्या मनाने घातलं होतं. शंभर प्रती काढून वाटल्या आणि विसरूनही गेल्या. "नमुना म्हनून वर लिहाले पायजे होतं. नाई लिहिलं. मले वाटलं, समजतेच ना," असं म्हणताना त्यांचा आवाज एकदम लहान झाला. मग त्यांनाच हसू फुटलं. "नाव ओळखीचं वाटून राह्यलं होतं म्हने! वाटनच ना, मीच पैदा केलं त्याले!"

शिवमला हसावं की नाही कळेना. तो चहा ओतत राहिला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण त्यावर बारा वर्षं अख्खी पंगत जेवून उठली होती.

खरं सांगायचं तर परतीच्या बसमध्ये पहिली दहा मिनिटं सर खुशीत होते. चूक आपली नाही, ग्रंथपालाची! ही गोष्ट स्टाफरूममध्ये कशी रंगवून सांगायची याची त्यांनी मनातल्या मनात तालीमही केली. मग मॅडमच म्हणाल्या, "सर, गुरुवारी मी सांगून टाकते पोट्ट्याईले. कागद माहा, चूक माही. तुमचं नाव काढत नाई. पंधरा तारखेले तुमची फाईल जाऊन राह्यली, थे मले मालूम हाये."

"तुमच्यावर मुलं हसतील."

"हासतीन ना. हासू द्या. चूक माही हाये तं दुसऱ्या कोनाचं नाव सांगू?"

आता हे असं कुणी बोललं की समोरच्याची पंचाईत होते. मॅडमनी भांडण काढलं असतं तर सरांनी ते जिंकलं असतं, तेवीस वर्षांचा सराव होता. पण बाई सरळ स्वतःचं माप स्वतःच्या पदरात घालून मोकळ्या झाल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची. निबंध छापून चार वर्षं झाली होती, मुलांखेरीज कुणी उघडून पाहिला नव्हता, पाहणारही नव्हतं. सावजी कोण, हे विचारायला कोण येणार होतं? फाईल गेली असती, बढती मिळाली असती, लग्नाच्या पंगतीत ताठ मानेने बसता आलं असतं. सर खिडकीतून बाहेर तुरीची शेतं बघत बसले. पण नितेशचं ते 'तुमी मार्क देले असते काय' काही केल्या कानातून जाईना.

बुधवारी सकाळी ते ऑफिसात गेले. हेडक्लार्क धर्मपाल त्यांच्या फायलीला दोरा बांधत होता.

"फाईल परत पाहिजे," सर म्हणाले. "एक निबंध काढून घ्यायचा आहे."

"मंग दोनच राह्यतीन सर. दोनावर नाई जात," धर्मपाल म्हणाला. त्याला वाटलं, सरांना नियम माहीत नाही. "लोक माह्या मागं लागते फाईल लवकर पाठव म्हनून. तुमी काढाले आले?"

"पुढच्या वर्षी देईन."

धर्मपालने दोरा सोडला. निबंध सरांच्या हातात देताना त्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, की घरी काही वाईट तर झालं नाही ना. सरांनी निबंध पिशवीत टाकला. आणखी एक वर्ष. सगळी लग्नं धरून.

गुरुवारी बत्तीसच्या बत्तीस मुलं हजर होती. निळं कव्हर बघायचं होतं ना! मॅडमनी झेरॉक्सचा कागद वर धरला आणि काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सावजी नाहीत, कधी नव्हते, त्यांना जन्म देणारी बाई तुमच्यासमोर उभी आहे. मुलं पोट धरधरून हसली. मॅडमही हसल्या. सरांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही आणि लगेच पुढच्या यादीकडे वळल्या.

आचलचा हात वर होताच. "पन मॅडम, सरांनी तं थे पुस्तक—"

"बस खाली आचल," मॅडम म्हणाल्या.

"नको, बसवू नका," सर उठले. "मी ते पुस्तक पाहिलेलं नाही. गेल्या गुरुवारी मी तुमच्याशी खोटं बोललो. कव्हर, वाळवी, सगळं खोटं. आणि माझ्या निबंधात मी त्या पुस्तकाशी दीड पान भांडलोय."

या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं सरांना वाटलं. ते पुढे म्हणाले, "ज्या मताशी भांडलो ते मत सावजींचं नव्हतं, नितेश नावाच्या माझ्या एका विद्यार्थ्याचं होतं. त्याने लोकांना विचारून, स्वतः विचार करून काढलेलं. पण स्वतःच्या नावाने लिहिलं तर मी मार्क देणार नाही, अशी त्याची खात्री होती. आणि त्याची खात्री बरोबर होती. तो निबंध मी काल फायलीतून काढून घेतला."

मॅडमनी हातातली यादी खाली ठेवली. फायलीचं त्यांना आताच कळत होतं. पंख्याखालची आपली खुर्ची त्यांनी ओढून सरांच्या मागे आणून ठेवली, आणि सर बसले.

थोड्या वेळाने मुलांनी आपापल्या याद्या पुढे ओढल्या. न पाहिलेली पुस्तकं एकेक करून खोडली जाऊ लागली. अकरा जणांनी सावजी खोडले. आचलची यादी सोळावरून चारवर आली. तिने पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ त्या चार नावांकडे बघत बसली. ती धामणगावची. तिचा प्रकल्प तिथल्या धान्याच्या अडतीवरच्या बाया-माणसांवर होता, आणि त्यांच्याशी बोलून तिने दोन वह्या भरल्या होत्या. त्या वह्यांतलं तिने प्रकल्पात अजून काहीच घातलं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "मंग मी 'माह्या मते' असं लिहू काय? मार्क भेटतीन?"

"कुणाला विचारलंस, काय पाहिलंस ते सगळं लिही. मग तुझं मत लिही. मिळतील."

"अन् थे तुमच्या मताच्या उलट असलं तं?"

आचलचं मत काय असणार याचा सरांना अंदाज होता, आणि ते त्यांना मुळीच पटणारं नव्हतं. "तरी भेटन," ते म्हणाले. घरी-दारी पुणेरी बोलणारे सर वर्गात पहिल्यांदाच वऱ्हाडीत बोलले, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

आचलने लगेच मॅडमकडे तोंड वळवलं. "मॅडम, सर आता जे म्हनले, त्याचा संदर्भ कसा द्यायचा? उद्या पलटले तं?"

"लिही," मॅडम म्हणाल्या. "पांढरीपांडे, वसंत. समक्ष सांगितलेली माहिती. ग्रंथालय, अमरावती. अन् आजची तारीख टाक."

बत्तीस जणांनी ते उतरवून घेतलं. सरांनी आचलच्या शेजारच्या मुलाकडून एक पेन मागून घेतलं, तिची वही आपल्याकडे ओढली आणि तारखेखाली सही केली.